डावीकडे नसलेली गाय

तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, म्हणजे उरलेलं शांतपणे सांगता येईल. हो, आम्ही गाडीतच झोपत होतो. मागच्या दोन बाकांमधलं टेबल खाली दाबलं की पलंग तयार होतो. आजोबांचे पाय दाराला लागत, माझे लागत नसत. हो, गाडीत संडास होता, कपाटाएवढा, आणि तो रोज रिकामा करावा लागे. ते काम आजोबांनी एका शब्दानेही तक्रार न करता केलं. नाही, सिंह दिसला नाही. सिंह आत जंगलात असतात आणि आम्ही किनारा सोडला नाही. समुद्रात उतरलो का? मी घोट्यापर्यंत, आजोबा गुडघ्यापर्यंत.

आता उरलेलं. हे तुम्हाला सांगायला आजोबांची परवानगी आहे. बाबांकडून वाचून घ्या. ते अडखळले तर हसू नका. त्यांची शाळा जयपुरातली, हिंदीची. मराठी त्यांना मी घरी शिकवली, त्यामुळे काही कच्चं राहिलं असेल तर ते माझं.

सौराष्ट्र नकाशावर शोधा. गुजरातचा जो भाग अरबी समुद्रात पुढे आलेला दिसतो, तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन, तो. तुम्हाला ठाऊकच आहे की आजोबांनी छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं. पण नोकरीची पहिली काही वर्षं ते राजकोटकडे होते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आमचं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्या बाजूला रूळ समुद्राकडे जातात आणि तिथेच संपतात. ओख्याला संपतात, पोरबंदरला संपतात, वेरावळला संपतात. "इंजिन सोडायचं, चहा प्यायचा, दुसऱ्या टोकाला लावायचं आणि आल्या वाटेनं परत," आजोबा सांगत. "समुद्र समोर दिसतोय, पण त्याच्या कडेकडेनं जायची सोय नाही. हातांच्या बोटांसारखे रूळ. बोटाच्या टोकावर जाता येतं, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर नाही." ती टोकं एकदा जोडायची त्यांच्या मनात होती. इतकी वर्षं ते नुसतं बोलत होते. गेल्या दिवाळीनंतर मात्र अचानक घाई करू लागले. याच हिवाळ्यात जायचं म्हणाले. मी विचारलं, पुढच्या हिवाळ्यात समुद्र आटणार आहे का? ते नकाशाच उलगडून बसले.

गाडी जयपूरच्या कारखान्यांच्या भागात, सीतापुऱ्यात मिळाली. तिथे एका शेडमध्ये एक गृहस्थ मिनीबसमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी वगैरे बसवून ती भाड्याने देतात. मी डबे भरले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली, आणि कोणता डबा कोणत्या फळीवर हे कागदावर काढून दाराच्या आतून चिकटवलं. आजोबा म्हणाले, "वर्गात हजेरी घ्यायची राहिली का काही?" मी इंग्रजीची शिक्षिका होते, याची ते मला दिवसातून एकदा तरी आठवण करून देतात.

त्यांचीही एक शिस्त होतीच. इंजिनावर दोघे असतात आणि दोघांनाही गाडी थांबवता आली पाहिजे, हा त्यांचा नियम. म्हणून एका रविवारी, कारखाने बंद असताना, त्यांनी मला सीतापुऱ्याच्या मोकळ्या रस्त्यांवर ती मोठी गाडी चालवायला लावली. मी पंचवीस वर्षं आमची छोटी गाडी शास्त्री नगरातून शाळेपर्यंत नेली आणि आणली आहे. तरी शेजारी बसून ते म्हणत राहिले, "अगं, गिअर आहे तो, खडू नाही. एवढा घट्ट धरू नकोस."

आणखी एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इंजिनावर सिग्नल दिसला की सहायक तो मोठ्याने सांगतो आणि ड्रायव्हर तेच शब्द पुन्हा मोठ्याने म्हणतो. कधी ड्रायव्हर आधी म्हणतो, मग सहायक. दोघांनी म्हटलं की तो सिग्नल दोघांनी पाहिला असं धरायचं. याला ते कॉल म्हणतात. ही सवय आजोबांनी घरी आणली. स्कूटरवर मागे बसून मी "पुढे खड्डा" म्हणायचं, त्यांनी "पुढे खड्डा" म्हणायचं. तुमचे बाबा पाच-सहा वर्षांचे असताना पुढे उभे राहून ओरडत, "म्हैस!" आणि आजोबा गंभीरपणे, "म्हैस!" लोक बघत. मला आधी लाज वाटे, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर शेजारी बसून गप्प राहणं मला जमेना.

तर थंडीत एका सकाळी निघालो. उदेपूर, हिंमतनगर, राजकोट असे मुक्काम करत चौथ्या दिवशी द्वारकेला पोचलो. पुढे ओख्याला जाऊन आजोबांनी रूळ जिथे संपतात ती जागा मला दाखवली, ताठ उभं राहून, जणू त्यांनीच ती बांधली होती. तिथून आम्ही समुद्र उजव्या हाताला धरला आणि खाली निघालो.

ते दिवस फार चांगले गेले. सकाळी मी ओट्यावर चहा करी, आजोबा दार उघडून पायरीवर बसत आणि दशमी चहात बुडवून खात. मिठागरं आली, पवनचक्क्या आल्या. एका खाडीच्या पुलावर गाडी थांबवून आम्ही रोहित पक्षी पाहिले. आजोबांनी ते मोजायचा प्रयत्न केला आणि ते सारखे हलतात म्हणून त्यांच्यावर चिडले. पोरबंदरला एका गाठियावाल्याने आम्हाला विचारलं, "बे जणां, आवडी मोटी गाडी?" दोघांसाठी एवढी मोठी गाडी? आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत सांगितलं, "मॅडम का सामान है." तो इतका हसला की गाठियांवर मिरच्या जास्तीच्या आल्या.

माधवपूरला रस्ता अगदी समुद्राला लागून जातो. मध्ये फक्त वाळू. उजवीकडे आजोबांचं स्टिअरिंग, त्यापलीकडे त्यांची खिडकी, आणि खिडकीत निळं पाणी. मी त्यांच्या तोंडावरून पलीकडे बघत बसले होते. कॉल विसरले. किती वेळ विसरले, सांगता येत नाही. समुद्र दिसेनासा होऊन नारळाची झाडं लागली तरी मी उजवीकडेच बघत होते.

मग डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. डावीकडच्या मातीच्या वाटेने एक छकडा आमच्या रस्त्यावर येत होता. छकडा म्हणजे पुढे मोटारसायकल आणि मागे हौदा, तिकडची रिक्षा. हौद्यात चाऱ्याचे भारे आणि त्यांवर चार बायका. लपून आला नव्हता, उघड्या शेतातून आला होता. आजोबा सरळ चालले होते.

मी किंचाळले. आजोबांनी ब्रेक मारला. चिठ्ठी लावलेले डबे फळीवरून खाली आले, मोहरी आणि मेथीदाणे एक झाले. छकडा आमच्या नाकापुढून गेला आणि छकडेवाला मान वळवून ओरडला, "ओ काका! चश्मां घरे भूली आव्या?" चष्मा घरी विसरून आलात का? बायका हसल्या. एकीने तर पदर तोंडाला लावला.

आजोबा लाल झाले. "हॉर्न नाही, काही नाही, सरळ अंगावर येतात," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू कॉल का नाही दिलास?"

मी चूक कबूल केली, सॉरी म्हणाले. गाडी पुढे निघाली. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. इतक्या वर्षांत मी शंभरदा कॉल विसरले असेन. तेव्हा ते स्वतः आधी बोलत आणि मला म्हणत, झोपलीस का? तू का नाही सांगितलंस, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी मागचे दिवस एकेक करून आठवले. राजकोटनंतरची जनावरं, ट्रॅक्टर, शाळेची मुलं. समोरचं ते आधी सांगत, अगदी दूरचा फलकही वाचत. डावीकडचं एकही त्यांनी आधी सांगितलेलं मला आठवेना. मी सांगायची, ते म्हणायचे. इतकं वेळेवर म्हणायचे की मला कळलंच नाही.

आता मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. रस्ता सरळ होता, रिकामा होता, गाडी हळू होती. डावीकडे भुईमूग काढून मोकळं झालेलं शेत, त्यात काही नाही. मी म्हणाले, "डावीकडे गाय."

"डावीकडे गाय," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी वेग कमी केला. थोडं पुढे जाऊन, गाय मागे पडली असेल असा अंदाज करून, त्यांनी तो पुन्हा वाढवला.

मंगरोळच्या अलीकडे नारळाच्या बागेशेजारी चहाची टपरी होती. मी म्हणाले, "गाडी बाजूला घ्या. चहा घेऊ." दोन कप घेऊन आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो आणि मी सांगितलं, "अहो, मघाशी गाय नव्हती."

"कुठली गाय?"

"डावीकडची. मी म्हटलं ती. नव्हतीच."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी कप खाली ठेवला. "तू खोटा कॉल दिलास?"

"हो."

"मला?"

"हो."

"छत्तीस वर्षांत," ते म्हणाले, "छत्तीस वर्षांत मला कुणी खोटा कॉल दिला नाही. दारू पिऊन आलेल्या माणसानंसुद्धा नाही. आणि तू देतेस?"

"आणि तुम्ही न बघता कॉल घेता," मी म्हणाले. "ते चालतं का तुमच्या रेल्वेत?"

मी शिक्षिकेच्या आवाजात बोलले. बोलल्यावर वाईट वाटलं. चहावर साय आली. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, आणखी काही हवं का.

मग आजोबांनी सांगितलं. वर्षभर हे चाललं होतं. जयपुरात झोटवाड्याच्या पुलावर एका स्कूटरवाल्याला त्यांचा धक्का लागता लागता राहिला होता. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. "समोरचं दिसतं गं," ते म्हणाले. "लायसनच्या वेळी तक्त्याची शेवटची ओळ वाचली मी, डॉक्टर खूश झाले. मतलब, खोटं नाही बोललो. डाव्या कडेचंच कुठेतरी जातं. आहे असं वाटतं, आणि नसतं."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे का नाही गेलात?"

त्यांनी मला त्यांच्या एका सोबत्याची गोष्ट सांगितली. वर्षा-दोन वर्षांनी ड्रायव्हरांची डोळ्यांची तपासणी होते. हा माणूस सगळ्यांत चांगला ड्रायव्हर, आणि एका तपासणीत डोळ्यांत नापास झाला. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर. रजिस्टर लिहायचं, इतरांना गाड्या वाटायच्या. पगार तोच. "आम्ही रोज त्याच्यासमोर सही करून इंजिनावर जायचो," आजोबा म्हणाले. "कुणी त्याला वाईट बोललं नाही. पण कुणी त्याला रस्त्याबद्दल काही विचारलंही नाही पुन्हा. मला सगळ्या नोकरीत अपघाताची भीती वाटली नाही. त्या खुर्चीची वाटली."

"म्हणून घाई? म्हणून याच हिवाळ्यात?"

"एकदा जाऊन यायचं होतं. मग सोडणार होतो."

मुलांनो, मला राग आला होता आणि तो खोटा नव्हता. त्या छकड्यावर चार बायका होत्या. पण शेजारी बसलेला माणूस पन्नास वर्षांपूर्वी मला सायकल शिकवताना जसा दिसला होता तसा दिसत होता, आपण धरलेलं सीट सोडावं की नाही अशा विचारात पडलेला. मी त्यांचा हात धरला. टपरीवाला लगेच दुसरीकडे बघू लागला.

मी म्हणाले, "आता पुढे मी चालवते."

"असं नाही होत," ते म्हणाले. मला वाटलं आता भांडण. पण ते उठले, माझी वही मागून घेतली, आणि एक पान फाडून त्यावर लिहू लागले. ड्रायव्हर वाटेत आजारी पडला तर तो स्टेशन मास्तरला लेखी कळवतो, त्याशिवाय त्याला इंजिन सोडता येत नाही. त्यांनी लिहिलं की दृष्टीच्या तक्रारीमुळे मी पुढे गाडी चालवू शकत नाही, कृपया दुसऱ्या चालकाची व्यवस्था व्हावी. खाली सही केली. माझ्यापुढे कागद धरून म्हणाले, "मिळाला म्हणून सही कर. वेळ टाक."

मी सही केली, वेळ टाकली. मग त्यांनी किल्ली दिली.

पुढचे तास माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब होते. ती गाडी रुंद, रस्ता अरुंद, समोरून मासळीचे ट्रक. मी चाळिसाच्या वर गेले नाही. आजोबांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले, काचेवर ठेवले, शेवटी त्यांनी शेंगांची अख्खी पिशवी संपवली. चोरवाड मागे पडलं तेव्हा कुठे ते म्हणाले, "क्लच अर्धवट दाबून ठेवतेस. जळेल." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्याशी वादही घातला नाही.

सोमनाथला संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. स्पीकर चालू होता. "आई, बाबा गाडी नीट चालवतायत ना? फार ताणत नाहीत ना स्वतःला?" आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "गाडी अगदी नीट चालली आहे." खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाले, "तुझं इंग्रजीचं व्याकरण कामाला आलं. चालवतंय कोण, तेवढं गाळलंस." पण हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वेरावळला लाकडी होड्या बांधतात ते बघायला गेलो, तिथेही ते माझ्या डाव्या बाजूने चालत होते आणि लोकांना धक्का लागला की जणू मुद्दाम थांबलो आहोत असं दाखवत होते. मला त्यांची बाजू बदलावीशी वाटली. मी बदलली नाही.

इथे जयपूरचं सांगून टाकते. परत आल्यावर आम्ही डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. दिवसातून दोन वेळा थेंब, आणि ते मी घड्याळ लावून घालते. हा आजार घरात उतरतो, म्हणून तुमच्या बाबांनी डोळे तपासून घ्यायचे आहेत. नुसता तक्ता वाचून चालणार नाही, आतला दाब आणि कडेची नजर तपासायची. बाबा, हे वाचत असशील तर इथे थांब, अपॉइंटमेंट घे आणि मग पुढचं वाच.

दीवला आम्ही प्रवासाच्या शेवटी पोचलो. गाड्या लावायची जागा किनाऱ्याच्या वरच होती, आणि तिथे ती नवलाची झाडं होती, ताडासारखी पण खोडाला फांद्या फुटलेली. स्थानिक लोक त्यांना होका म्हणतात. दोन होक्यांच्या मधे गाडी उलटी घालायची होती, म्हणजे मागचं दार समुद्राकडे उघडलं असतं. आजोबा उतरून मागे उभे राहिले. मला आरशात ते दिसत होते, हात वर करून, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." मी आले. ते सांगत होते म्हणून आले.

तिथला राखणदार धावत आला आणि त्याने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. मी ब्रेक दाबला. "अंकल!" तो ओरडला. "इतना बड़ा पेड़ खड़ा है, दिखता नहीं क्या?"

आसपास माणसं होती. एक कुटुंब नारळपाणी पीत होतं, दोन मुलं पतंग घेऊन उभी होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी दार उघडून उतरणारच होते. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, की मीच गाडी तिरकी घेतली, चूक माझी.

"नहीं दिखता, भैया," आजोबा म्हणाले. मोठ्याने, स्वच्छ, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "इस तरफ का मुझे नहीं दिखता. आप इधर खड़े हो जाइए. उधर मैं देखता हूँ."

राखणदार त्या झाडाजवळ जाऊन उभा राहिला, आणि त्याने एक हात खोडावर ठेवला.

मी दार पुन्हा लावून घेतलं. मागून दोन आवाज येऊ लागले, एक मराठीत आणि एक हिंदीत, आणि त्या दोघांच्या मधून मी गाडी मागे घेतली.